मेकफाइलमधील अवलंबित्व

मेकफाइलमधील अवलंबित्व म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरमधील कोणती फाइल अन्य कोणकोणत्या फायलींपासून तयार होते, याची लेखी नोंद होय. ही नोंद 'मेक' नावाच्या आज्ञावलीसाठी ठेवली जाते. स्रोत फायलींपैकी एखादी बदलली, की तिच्यामुळे कोणत्या फायली नव्याने तयार कराव्या लागतील आणि कोणत्या जशाच्या तशा ठेवता येतील, हे मेक या नोंदीवरून ठरवते. नोंद पूर्ण असेल तर काम थोडक्या वेळात आणि अचूक होते. नोंदीतून एखादी फाइल सुटली, तर मात्र मेक कोणतीही तक्रार न करता जुनीच फाइल वापरते आणि तयार झालेली आज्ञावली तिच्या स्रोताशी जुळत नाही. ही यादी माणसाने हाताने करावी की यंत्राकडून करून घ्यावी, या प्रश्नाभोवती या साधनांचा इतिहास घडला आहे.

पार्श्वभूमी

सी भाषेतील मोठी आज्ञावली सहसा एकाच फाइलमध्ये लिहीत नाहीत. तिचे विषयवार भाग पाडून अनेक स्रोत फायली करतात. कंपायलर यातील प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचतो आणि तिची ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. सर्व ऑब्जेक्ट फायली तयार झाल्या, की लिंकर त्या एकत्र जोडून संगणकावर चालणारी एक फाइल बनवतो. या विभागणीचा लाभ असा, की शेकडो फायलींपैकी एकच बदलली असता तेवढीच पुन्हा कंपाइल करून जोडणी करता येते.

अडचण उद्भवते ती हेडर फायलींमुळे. अनेक स्रोत फायलींना लागणारी सामाईक माहिती, उदाहरणार्थ फंक्शनांच्या घोषणा, स्थिरांक आणि विदेच्या रचनांचे आराखडे, हेडर फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवतात. स्रोत फाइलच्या आरंभी 'इन्क्लूड' अशी ओळ असते. कंपायलर त्या ओळीच्या जागी हेडरमधील सगळा मजकूर उतरवून घेतो. हेडरच्या पोटात आणखी हेडर असू शकतात. त्यामुळे एका लहानशा स्रोत फाइलमागे प्रत्यक्षात डझनावारी फायली उभ्या असतात आणि त्यांपैकी कोणतीही बदलली तरी ती स्रोत फाइल पुन्हा कंपाइल करणे आवश्यक ठरते.

संकल्पना

अवलंबित्वाची कल्पना संगणकापुरती मर्यादित नाही. पुरणपोळीसाठी पुरण आणि भिजवलेली कणीक लागते. पुरणासाठी शिजवलेली डाळ आणि गूळ लागतो. त्याच डाळीच्या पाण्यापासून कटाची आमटी होते. गूळ बदलायचा ठरला तर पुरण पुन्हा घाटावे लागेल आणि पोळ्याही पुन्हा लाटाव्या लागतील. कणकेला आणि आमटीला हात लावण्याचे कारण नाही. डाळच बदलली, तर मात्र पुरण, पोळी आणि आमटी ही तिन्ही नव्याने करावी लागतील. हे संबंध बाणांनी जोडून कागदावर काढले, की जो आलेख मिळतो, तसाच आलेख मेक आपल्या स्मृतीत रचते. त्यात चक्र असून चालत नाही. एखादी वस्तू फिरून स्वतःवरच अवलंबून राहिली, तर आरंभ कोठून करावा हे ठरवता येत नाही. असे चक्र आढळल्यास ग्नू मेक त्यातील एक दुवा सोडून देते आणि तशी सूचना छापते.

मेकच्या परिभाषेत जी फाइल तयार करावयाची तिला लक्ष्य, ती ज्यांपासून तयार होते त्या फायलींना पूर्वापेक्षा आणि तयार करण्याच्या आज्ञांना कृती असे म्हणता येईल. ग्नू मेकच्या मार्गदर्शिकेत आज्ञांसाठी पाककृतीला वापरला जाणारा इंग्रजी शब्दच योजलेला आहे. त्यामुळे मराठीतील 'कृती' हा शब्द येथे ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

इतिहास

मेक ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली लिहिली. तिचे निमित्त मोठे बोलके आहे. 'याक' या प्रसिद्ध साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन हे फेल्डमन यांचे सहकारी होते. आपल्या आज्ञावलीतील एक दोष शोधण्यात त्यांची सबंध सकाळ वाया गेली होती. प्रत्यक्षात त्यांनी स्रोतातील दोष आधीच दुरुस्त केला होता. मात्र ती फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेली होती. जॉन्सन तपासत होते तो स्रोत निर्दोष होता आणि चालवत होते ती आज्ञावली जुनी होती. फेल्डमन यांनाही अशाच अनुभवातून जावे लागले होते. त्यातून उपाय शोधण्याची कल्पना निघाली आणि मेकची पहिली आवृत्ती अल्पावधीत तयार झाली. ही हकिकत फेल्डमन यांनी स्वतः सांगितली असून एरिक रेमंड यांच्या 'द आर्ट ऑफ युनिक्स प्रोग्रॅमिंग' या पुस्तकात ती नोंदवलेली आहे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर मेकचा प्रसार झाला. त्याच वर्षी फेल्डमन यांचा मेकविषयीचा लेख 'सॉफ्टवेअर : प्रॅक्टिस अँड एक्स्पिरियन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेकसाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा २००३ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला.

आज सर्वाधिक वापरात असलेली आवृत्ती म्हणजे ग्नू मेक होय. तिचे मूळ लेखन रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅकग्रा यांचे असून पुढे तिची जबाबदारी पॉल स्मिथ यांच्याकडे आली.

नियमाची मांडणी

समजा, 'हिशेब' नावाची आज्ञावली दोन स्रोत फायलींपासून तयार होते आणि दोन्ही फायली एक सामाईक हेडर वापरतात. तिची मेकफाइल पुढीलप्रमाणे असेल. येथे नावे आणि आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. व्यवहारात त्या रोमन लिपीत लिहितात.

हिशेब : मुख्य.ओ खाते.ओ
	सीसी -ओ हिशेब मुख्य.ओ खाते.ओ

मुख्य.ओ : मुख्य.सी खाते.एच
	सीसी -सी मुख्य.सी

खाते.ओ : खाते.सी खाते.एच
	सीसी -सी खाते.सी

विसर्गचिन्हासारख्या दिसणाऱ्या दोन टिंबांच्या डावीकडे लक्ष्य आणि उजवीकडे पूर्वापेक्षा येतात. खालच्या ओळीत कृती असते. कृतीच्या ओळीचा आरंभ टॅब या अक्षरानेच व्हावा लागतो. त्याऐवजी कोऱ्या जागा टंकित केल्या, तर 'मिसिंग सेपरेटर' असा संदेश देऊन मेक थांबते. पडद्यावर टॅब आणि कोऱ्या जागा सारख्याच दिसतात. ऱ्हस्वदीर्घाची चूक निदान डोळ्यांना दिसते. ही तशी दिसत नाही आणि नवशिके विद्यार्थी येथे हटकून अडखळतात. फेल्डमन यांना हा दोष लवकरच जाणवला होता. परंतु तोवर डझनभर सहकारी मेक वापरू लागले होते आणि त्यांच्या मेकफायली मोडू नयेत म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.

मेक चालवली असता ती पहिल्या लक्ष्यापासून, म्हणजे येथे 'हिशेब'पासून, आरंभ करते आणि पूर्वापेक्षांच्या मागे मागे जात स्रोत फायलींपर्यंत पोहोचते. परतताना प्रत्येक टप्प्यावर ती एकच प्रश्न विचारते : पूर्वापेक्षांपैकी एखादीची शेवटच्या बदलाची वेळ लक्ष्याच्या वेळेनंतरची आहे काय? असल्यास, किंवा लक्ष्य अस्तित्वातच नसल्यास, कृती केली जाते. वरील उदाहरणात खाते.सी बदलली तर फक्त खाते.ओ आणि त्यानंतर हिशेब तयार होईल. खाते.एच बदलली तर तिन्ही लक्ष्ये नव्याने तयार होतील.

फायलींमध्ये काय लिहिले आहे, हे मेक वाचत नाही. मुख्य.सी मध्ये खाते.एच चा समावेश आहे, हे तिला केवळ यादीवरूनच कळते.

यादीतून फाइल सुटल्यास

मेकफाइल लिहिणाऱ्याने वरील उदाहरणात मुख्य.ओ च्या ओळीत खाते.एच लिहिलीच नाही, असे समजू. पहिल्या वेळी कोणतीही ऑब्जेक्ट फाइल अस्तित्वात नसल्याने सर्व काही कंपाइल होते आणि आज्ञावली बिनचूक चालते. चूक तेथेच असते, पण ती कोठेही दिसून येत नाही.

आता खाते.एच मध्ये खातेदाराच्या रचनेचा आराखडा असून त्यात प्रथम खातेक्रमांक आणि नंतर शिल्लक, असे प्रत्येकी चार बाइटचे दोन पूर्णांक आहेत, असे मानू. शिल्लक ही रचनेच्या आरंभापासून चार बाइट अंतरावर येते. काही दिवसांनी या दोहोंच्या मध्ये शाखाक्रमांक घालण्यात येतो. आता शिल्लक आठ बाइट अंतरावर गेली आणि तिच्या जुन्या जागी शाखाक्रमांक आला. मेक चालवली, की खाते.ओ नव्या आराखड्यानुसार तयार होते, मुख्य.ओ च्या यादीत हेडर नसल्याने ती मात्र जुनीच राहते. लिंकर दोन्ही जोडून देतो, कारण तो केवळ नावे जुळतात की नाही एवढेच पाहतो; सी भाषेतील रचनांचे आराखडे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. परिणामी खाते.ओ मधील फंक्शन शिल्लक योग्य जागी लिहिते आणि मुख्य.ओ मधील फंक्शन ती जुन्या जागी वाचते. १२ क्रमांकाच्या शाखेतील ५,००० रुपये शिल्लक असलेल्या खातेदाराच्या नावापुढे १२ रुपये छापले जातात.

यात कंपायलरची, लिंकरची किंवा मेकचीही चूक नाही. दोन्ही स्रोत फायली कितीही वेळा वाचल्या तरी दोष सापडणार नाही, कारण तो त्यांच्यात नाहीच. सहकाऱ्याने सर्व स्रोत नव्याने घेऊन आपल्या संगणकावर मेक चालवली, तर त्याला ५,००० हेच उत्तर मिळेल आणि दोघांत वाद होईल तो निराळाच. जॉन्सन यांची सकाळ ज्या प्रकारच्या घोळात गेली, तो टाळण्यासाठी मेक निर्माण झाली. यादी अपुरी असेल तर तोच घोळ मेकच्या आश्रयाने पुन्हा घडतो.

यावर रूढ झालेला तोडगा म्हणजे तयार झालेल्या सर्व फायली पुसून पहिल्यापासून आरंभ करणे. बहुतेक मेकफायलींमध्ये त्यासाठी 'क्लीन' नावाचे लक्ष्य असते. याने लक्षण जाते, पण यादीतील उणीव तशीच राहते. शिवाय मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये मेक वापरण्याचा हेतूच नाहीसा होतो.

उलट प्रकारची चूकही होते. गरज नसलेल्या फायली यादीत घातल्या, तर उत्तर चुकत नाही, मात्र वेळ वाया जातो. लिनक्स कर्नलमध्ये याचे ठळक उदाहरण आढळते. कर्नल कोणकोणत्या सोयींसह तयार करावयाचा, याच्या हजारो निवडी एका हेडरमध्ये एकत्र केलेल्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक स्रोत फाइल तो हेडर घेते. शब्दशः यादी केली, तर एक निवड बदलताच सबंध कर्नल पुन्हा कंपाइल करावा लागेल. त्यासाठी कर्नलबरोबर 'फिक्सडेप' नावाची छोटी आज्ञावली दिलेली आहे. ती यादीतून तो सामाईक हेडर काढून टाकते आणि त्या स्रोतात ज्या निवडींचा उल्लेख आहे, तेवढ्यांवरचेच अवलंबित्व नोंदवते.

यादी यंत्राकडून करून घेणे

हाताने केलेली यादी आरंभी बरोबर असली तरी ती तशी राहत नाही. कोणी एका हेडरमध्ये दुसरा हेडर घालतो आणि मेकफाइल सुधारायला विसरतो. त्यामुळे स्रोत फायलींतील इन्क्लूडच्या ओळी वाचून यादी करणारी साधने आली. एक्स विंडो प्रणालीबरोबर मिळणारे 'मेकडिपेंड' हे त्यांपैकी विशेष परिचित होय. ते चालवले, की मेकफाइलच्या शेवटी संपूर्ण यादी जोडली जाई. परंतु ते आठवणीने चालवावे लागे. विसरणे हा जो मूळ दोष, तो एका जागेवरून दुसरीकडे गेला इतकेच.

कोणकोणते हेडर वाचले गेले, हे सर्वांत अचूक कोणाला ठाऊक असेल, तर ते वाचणाऱ्या कंपायलरलाच. जीसीसी या कंपायलरला 'एमएम' हा पर्याय दिल्यास तो कंपाइल न करता अवलंबित्वाची ओळ मेकफाइलच्याच मांडणीत छापतो. 'एमएमडी' हा पर्याय दिल्यास कंपाइल करता करताच ती ओळ 'डी' प्रत्ययाच्या एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. मुख्य मेकफाइल अशा सर्व फायली आपल्यात समाविष्ट करून घेते.

येथे वाचकाला शंका येईल, की यादी जर कंपाइल करतानाच तयार होणार असेल, तर कंपाइल करण्यापूर्वी ती कोठून आणावयाची? याचे उत्तर सुंदर आहे. पहिल्या वेळी ऑब्जेक्ट फाइलच अस्तित्वात नसते. त्यामुळे ती तयार करावी की नाही हा प्रश्न उद्भवत नाही आणि यादीची गरजही पडत नाही. दुसऱ्या वेळी गरज पडते, तेव्हा पहिल्या वेळची यादी हाताशी असते. मधल्या काळात यादी बदलायची असेल, तर तिच्यातीलच एखादी फाइल बदललेली असणार. मग पुन्हा कंपाइल होणारच आणि नवी यादीही मिळणार. ही पद्धत टॉम ट्रोमी यांनी ऑटोमेक या साधनासाठी योजली आणि पॉल स्मिथ यांनी तिचे सविस्तर विवेचन केले.

एक लहानशी अडचण मात्र राहते. एखादा हेडर पुसून टाकला आणि स्रोतातील त्याचा उल्लेखही काढला, तरी जुन्या यादीत त्याचे नाव उरते. तो तयार करण्याचा नियम सापडत नाही म्हणून मेक थांबते. जीसीसीचा 'एमपी' हा पर्याय प्रत्येक हेडरच्या नावाने एक रिकामा नियम लिहून ही अडचण दूर करतो.

कंपायलरला न दिसणारी अवलंबित्वे

काही स्रोत फायली स्वतःच अन्य साधनांनी तयार केलेल्या असतात. याक हे साधन व्याकरणाच्या नियमांवरून सी फाइल आणि तिच्या जोडीचा हेडर तयार करते आणि शब्द ओळखणारी दुसरी फाइल तो हेडर घेते. अगदी पहिल्या वेळी हा हेडर अस्तित्वात नसतो आणि कंपायलरने केलेली यादीही नसते. अशा वेळी 'आधी हेडर, मग कंपाइल' हा क्रम हातानेच लिहावा लागतो. तो लिहिला नसला तरी एकामागून एक कामे करताना पुष्कळदा योगायोगाने निभावते. एकाच वेळी अनेक कामे चालवणारा 'जे' हा पर्याय वापरताच मात्र कधी यश, कधी अपयश असा लपंडाव सुरू होतो.

अस्तित्वात नसलेल्या फाइलवरचे अवलंबित्व त्याहून सूक्ष्म आहे. कंपायलर हेडर शोधताना ठरावीक क्रमाने अनेक फोल्डर पाहतो. हेडर दुसऱ्या फोल्डरात सापडला, तर यादीत तीच जागा नोंदली जाते. पुढे त्याच नावाची फाइल कोणी पहिल्या फोल्डरात ठेवली, तर उत्तर बदलावयास हवे. पण यादीतील एकही फाइल बदललेली नसल्याने मेक स्वस्थ राहते. डी. जे. बर्नस्टाइन यांनी सुचवलेल्या 'रिडू' या आराखड्यात 'ही फाइल निर्माण झाल्यास' अशी नोंद करण्याची स्वतंत्र सोय आहे.

कृती बदलली, म्हणजे कंपायलरला दिलेले पर्याय बदलले, तरीही मेक आपणहून लक्ष्य पुन्हा तयार करीत नाही. जुन्या बॅकअपमधून फाइल परत आणली आणि तिची जुनी वेळ कायम राहिली, तर मजकूर बदलूनही ती मेकला बदललेली वाटत नाही. स्कॉन्स या पायथन भाषेवर आधारलेल्या साधनाने म्हणून वेळेऐवजी मजकुरावरून काढलेली खूण ताडून पाहण्याचा मार्ग धरला. त्याचा आणखी एक लाभ आहे. स्रोतात केवळ टीप बदलल्यामुळे ऑब्जेक्ट फाइल आधीसारखीच निघाली, तर पुढची जोडणी टाळता येते.

यादीत फोल्डरातील सर्व स्रोत फायली आपोआप घ्याव्यात की प्रत्येकीचे नाव लिहावे, हाही मतभेदाचा विषय आहे. सीमेकच्या मार्गदर्शिकेत नावे लिहिण्याचा सल्ला दिलेला आहे. कारण असे, की नवी फाइल फोल्डरात नुसती आणून ठेवली, तर सीमेकची स्वतःची फाइल बदलत नाही आणि त्यामुळे आधी तयार झालेल्या यादीला तिचा पत्ता लागत नाही. मेसन या साधनात तर नावे लिहिण्यावाचून गत्यंतर ठेवलेले नाही.

विभागलेल्या मेकफायली

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोल्डराला वेगळी मेकफाइल देऊन मुख्य मेकने त्या एकामागून एक चालवाव्यात, अशी प्रथा दीर्घकाळ होती. पीटर मिलर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात तिच्यावर टीका केली. त्यांच्या मते या प्रथेत अवलंबित्वाच्या आलेखाचे तुकडे होतात. एका फोल्डरातील मेकला दुसऱ्या फोल्डरातील फायली कशा तयार होतात हे ठाऊक नसते. मग फोल्डरांचा क्रम अंदाजाने लावावा लागतो, काही फोल्डरांतून दोनदा जावे लागते आणि तरीही काही फायली जुन्या राहतात. प्रत्येक फोल्डरातील तुकडे एकत्र करून एकाच मेकने संपूर्ण आलेख पाहावा, असा उपाय त्यांनी मांडला.

नंतरची साधने

निंजा हे साधन इव्हान मार्टिन यांनी गूगलमध्ये क्रोमियम या ब्राउझरच्या कामासाठी लिहिले. त्याच्या फायली माणसाने लिहाव्यात अशी अपेक्षाच नाही. सीमेक किंवा मेसन त्या तयार करून देतात. कृतीतील बदलही निंजा नोंदवून ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरकडून यादी मिळवण्याची तिची रीत मात्र गमतीदार आहे. तो कंपायलर वाचलेला प्रत्येक हेडर एका ठरावीक वाक्यासह पडद्यावर छापतो आणि निंजा त्या वाक्यावरून नावे वेचून काढते. कंपायलर इंग्रजीखेरीज अन्य भाषेत बोलू लागला, की वाक्य बदलते; म्हणून त्या भाषेतील शब्द निंजाला आधी सांगून ठेवावे लागतात.

बेझल या साधनात वेगळीच दिशा स्वीकारलेली आहे. गूगलमध्ये अंतर्गत वापरात असलेल्या प्रणालीतून निघालेले हे साधन २०१५ साली सर्वांसाठी खुले करण्यात आले. बेझल शक्य तेथे प्रत्येक कृती एका बंदिस्त जागेत चालवते आणि यादीत लिहिलेल्या फायलीच तेवढ्या त्या जागेत ठेवते. मुख्य.ओ च्या यादीतून खाते.एच सुटली, तर कंपायलरला ती सापडतच नाही आणि पहिल्याच वेळी, चुकीची शिल्लक छापली जाण्याच्या कितीतरी आधी, काम थांबते. यासाठी हेडरांसह सर्व नावे लिहिण्याचे श्रम पुन्हा माणसाकडे येतात. ते हलके करण्यासाठी काही भाषांपुरती स्वतंत्र साधने निघाली आहेत. गो भाषेतील स्रोत वाचून बेझलच्या याद्या लिहून देणारे 'गॅझेल' हे त्यांपैकी एक होय.